दुसऱ्या भागाची पहिली कमाई नेमकी कुणाची?

२०२३च्या एप्रिलमध्ये 'द सुपर मारिओ ब्रदर्स मूव्ही' आला. परीक्षणं गोळा करणाऱ्या 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावर समीक्षकांच्या रकान्यात आकडा होता ५९ टक्के. तिथे 'ताजा' असा शिक्का मिळायला ६० टक्के लागतात, म्हणजे मारिओभाऊ एका टक्क्याने नापास. शेजारच्याच रकान्यात प्रेक्षकांचा आकडा ९५. आणि जगभरच्या गल्ल्यात जमा झाले साधारण १३६ कोटी डॉलर. मग खरं मत कुठलं धरायचं? समीक्षकांना मुलांचे चित्रपट कळत नाहीत असं म्हणायचं, की लोकांना काहीही चालतं असं म्हणायचं?

दर उन्हाळ्यात आणि दर नाताळात हा वाद नव्याने पेटतो. चित्रपटाचं नाव तेवढं बदलतं. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू आपापला आकडा पुढे करतात, पण तो आकडा कुणाला काय विचारून आला, हे बघायला कुणी थांबत नाही. कौटुंबिक ॲनिमेशनपटांच्या बाबतीत हे बघणं फारच गरजेचं आहे, कारण इथे चित्रपट बघणारा एक, तिकीट काढणारा दुसरा आणि मत देणारा बहुधा तिसराच असतो. त्यात दुसरा-तिसरा भाग असेल तर आणखी एक घोळ होतो: पहिल्या आठवड्याची कमाई लोक आधीच्या चित्रपटावरच्या मायेने देतात. नवा चित्रपट तर अजून कुणी पाहिलेलाही नसतो.

टक्के म्हणजे गुण नव्हेत

आधी 'रॉटन टोमॅटोज'चं गणित बघू. समीक्षकांचे ५९ टक्के म्हणजे शंभरपैकी ५९ गुण, असं आपण शाळेच्या सवयीने वाचतो. तसं ते नाही. शंभर समीक्षकांपैकी किती जणांचा कौल एकंदरीत अनुकूल होता, एवढंच तो आकडा सांगतो. सगळ्या शंभर जणांनी "ठीक आहे, वेळ जातो" असं लिहिलं तरी चित्रपटाला १०० टक्के मिळतील. उलट साठ जण वेडे झाले आणि चाळीस जणांनी कपाळाला हात लावला तर आकडा ६० वरच थांबेल. कोण किती खूश झाला, हे या पद्धतीत कळतच नाही.

प्रेक्षकांचा रकानाही याच धाटणीचा. पाचपैकी साडेतीन तारे किंवा जास्त दिले की तो प्रेक्षक 'आवडलं' या बाजूला गेला. म्हणजे मारिओचे ९५ टक्के याचा अर्थ मत देणाऱ्या शंभरातल्या पंचाण्णव जणांचे पैसे वसूल झाले. त्यांना तो थोर वाटला, असा नव्हे. समीक्षक विचारत होते, गोष्टीत काही दम आहे का? घरचे लोक विचारत होते, लहानपणी खेळलेला व्हिडिओ गेम पडद्यावर नीट दिसला का, आणि पोरं हसली का? दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात. मला स्वतःला तो चित्रपट पोकळ वाटला, पण तेवढ्यावरून ९५ टक्के खोटे ठरत नाहीत.

२०१९पासून या संकेतस्थळाने आणखी एक सुधारणा केली. तिकीट खरंच काढल्याची खातरजमा झालेल्या प्रेक्षकांचा आकडा वेगळा दाखवायला सुरुवात केली आणि चित्रपट प्रदर्शित होण्याआधी मतं नोंदवायची सोय बंद केली. कारण सोपं होतं: न पाहिलेल्या चित्रपटाला एक तारा देऊन राग काढणारी मंडळी वाढली होती. पण यातून दुसरी गोष्ट आली. पदरचे पैसे मोजून, वेळ काढून गेलेला माणूस मुळातच चित्रपटाच्या बाजूने झुकलेला असतो. त्यामुळे हे 'खात्रीचे' आकडे जवळपास नेहमीच चढे दिसतात.

दाराशी उभा असलेला प्रश्न

अमेरिकेत याहून जुनी आणि या धंद्यातल्या लोकांच्या जास्त विश्वासातली पद्धत आहे, 'सिनेमास्कोअर'. लास व्हेगासची ही संस्था १९७९ साली सुरू झाली. पद्धत अगदी साधी: चित्रपट लागला त्याच रात्री काही थिएटरांच्या दाराशी माणसं उभी राहतात, प्रेक्षकांना छोटं कार्ड देतात, आणि प्रेक्षक ए, बी, सी, डी किंवा एफ यातली श्रेणी देतात. सोबत वय, स्त्री की पुरुष, आणि हा चित्रपट का निवडला, असे चार प्रश्न. सगळ्याची सरासरी काढून एक श्रेणी जाहीर होते.

आता गंमत बघा. लग्नाच्या पंगतीतून उठून हात धुणाऱ्या पाहुण्याला यजमानाने विचारावं, "जेवण कसं झालं?" तर तो काय म्हणणार? "छान झालं हो!" मठ्ठा आंबट होता हे तो घरी गेल्यावर सांगेल. पहिल्या रात्रीचा प्रेक्षक असाच असतो. तो हौसेने आलेला असतो, सोबत मुलं खिदळत असतात, आणि नुकताच शेवटचा गोड प्रसंग संपलेला असतो. अशा वेळी 'सी' कोण देणार?

म्हणून या श्रेणी वाचायची पट्टीच वेगळी ठेवावी लागते. भयपटाला 'बी' मिळाली तर निर्माते पेढे वाटतात. मुलांच्या ॲनिमेशनपटात 'ए' ही सर्वसाधारण श्रेणी आहे, 'ए वजा' म्हणजे थोडी कुरकुर आहे, आणि 'बी' आली की समजावं, घरी जाताना गाडीत कुणी फारसं बोललं नसणार. डिस्नेच्या 'स्ट्रेंज वर्ल्ड'ला २०२२ साली 'बी' मिळाली. डिस्नेच्या स्वतःच्या ॲनिमेशन स्टुडिओसाठी ती तोवरची सर्वांत खालची श्रेणी होती. जगभरात त्या चित्रपटाने साडेसात कोटी डॉलरही जमवले नाहीत. बाहेरच्या माणसाला 'बी' म्हणजे बरी वाटेल, पण बर्बँकमध्ये, डिस्नेच्या मुख्यालयात, त्या रात्री कुणाला झोप लागली नसावी.

मुलांचं काय? कार्ड भरतात बहुतेक आईबाबाच. सहा वर्षांच्या मुलाला "आवडला का?" विचारलं तर तो "हो" म्हणणार, कारण नाही म्हटलं तर पुढच्या वेळी आणणार नाहीत एवढं त्याला कळतं. मुलांचं खरं मत खुर्चीत दिसतं. शनिवारी दुपारच्या खेळाला मागच्या रांगेत बसून बघा. चित्रपट पकड घेत असेल तर पॉपकॉर्नचा हात तोंडाजवळ अर्ध्यावर थांबलेला असतो. पकड सुटली की पहिल्यांदा बूट हलायला लागतात, मग पुढच्या खुर्चीला लाथ बसते, आणि मग "आई, शू." एका पोराने सुरुवात केली की रांगेतली चार पोरं उठतात. गाण्याच्या वेळी उठली तर गाणं लांबलं, आणि खलनायकाच्या लांबलचक भाषणाच्या वेळी उठली तर तो खलनायक मोठ्यांसाठी लिहिलेला होता. आमच्या घरच्या ग्रुपवरही चित्रपटाचा निकाल असाच लागतो. "कसा होता गं?" "मस्त. पोरं एकदाही उठली नाहीत." याहून जास्त परीक्षण कुणी लिहीत नाही आणि कुणाला लागतही नाही.

पहिला भाग घरात फिरत राहतो

आता दुसऱ्या भागांकडे येऊ. 'मोआना' २०१६ सालचा. थिएटरात चांगला चालला, पण त्याचं खरं आयुष्य नंतर घरातल्या टीव्हीवर सुरू झालं. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीत २०२३ या एका वर्षात अमेरिकेत स्ट्रीमिंगवर सर्वाधिक पाहिला गेलेला चित्रपट म्हणजे हा सात वर्षं जुना 'मोआना': ११६० कोटी मिनिटं. चित्रपटाची लांबी १०७ मिनिटं. भागाकार केला तर जवळपास ११ कोटी वेळा अथपासून इतिपर्यंत पाहिल्याइतकं होतं. तेच गाणं, तीच होडी, आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज, "अरे, पुन्हा तोच?"

डिस्नेमध्ये तेव्हा 'मोआना'ची मालिका तयार होत होती, थेट डिस्ने प्लस या स्ट्रीमिंग सेवेसाठी. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी जाहीर केलं की मालिकेऐवजी ती 'मोआना २' म्हणून नोव्हेंबरात थिएटरात येईल. ती आली, आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या पाच दिवसांत एकट्या अमेरिका-कॅनडात साडेबावीस कोटी डॉलर जमले. पुढे जगभरात १०० कोटींचा आकडाही ओलांडला.

आणि श्रेणी? 'ए वजा'. पहिल्या 'मोआना'ला 'ए' होती.

पाहून आलेल्यांची तक्रारही ठरावीक होती: गाणी लक्षात राहत नाहीत, होडीवरची नवी माणसं ओळख होईपर्यंत संपतात, आणि गोष्ट तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकते. पहिल्या भागाच्या गाण्यांमागे लिन-मॅन्युएल मिरांडा होते, दुसऱ्यात ते नव्हते. तुकड्यांचं मूळ अर्थातच मालिकेत होतं. भाग जोडून चित्रपट केला की सांधे दिसतात. पण हे सगळं कळलं ते साडेबावीस कोटी आत आल्यानंतर. ते पैसे ११६० कोटी मिनिटांनी आणून दिले होते, दुसऱ्या भागाने नव्हे.

अशी घडामोड डिस्नेला नवी नाही. 'अलादीन'चा पुढचा भाग 'द रिटर्न ऑफ जाफर' १९९४ साली थेट व्हिडिओ कॅसेटवर आला, आणि पुढची बारा-पंधरा वर्षं डिस्नेने गाजलेल्या चित्रपटांचे स्वस्तातले दुसरे भाग थेट दुकानात पाठवले. 'टॉय स्टोरी २' सुद्धा आधी तसाच थेट व्हिडिओसाठी ठरला होता. मग तो थिएटरात न्यायचं ठरलं, तो बनवणाऱ्या पिक्सार स्टुडिओच्या लोकांना तो पसंत पडेना, आणि जवळपास नऊ महिन्यांत त्यांनी तो नव्याने उभा केला. १९९९ साली त्याला 'ए अधिक' मिळाली. म्हणजे घरगुती पडद्यासाठी ठरलेली गोष्ट थिएटरात आणली, एवढ्यानेच सगळं बिघडतं असं नाही. ती उसवून पुन्हा शिवायला वेळ दिला की नाही, त्यावर बरंच ठरतं.

'कुंग फू पांडा ४' (२०२४) हे थोडं वेगळं प्रकरण आहे. तिसऱ्या भागाचा खर्च साधारण साडेचौदा कोटी डॉलर होता, चौथ्याचा साडेआठ. आणि पो पांडाच्या जिवाभावाचे पाच साथीदार, वाघीण, माकड, सारस, साप, प्रार्थनाकीटक, चित्रपटभर गायब. शेवटी ओझरते दिसतात, तेही न बोलता. २००८ साली पहिला भाग लहानपणी पाहिलेली पोरं आता पंचविशीत आहेत, ती यावर भडकली. पण आठ वर्षांचा मुलगा त्या पाचांना ओळखतच नव्हता. त्याने नव्या कोल्हिणीला लगेच आपलं म्हटलं. जगभरची कमाई तिसऱ्या भागापेक्षा थोडी जास्तच झाली. इथे 'प्रेक्षकांचं मत' असं एकच काही सांगता येत नाही. दोन पिढ्या एकाच रांगेत बसून दोन वेगळे चित्रपट बघत होत्या.

'टॉय स्टोरी ४'च्या वेळीही (२०१९) हेच, जरा अधिक हळवेपणाने. श्रेणी 'ए', कमाई १०० कोटी डॉलरच्या वर, समीक्षकही खूश. तरी आजही कितीतरी लोक म्हणतात की गोष्ट २०१० साली तिसऱ्या भागात संपली होती, खेळण्यांचा मालक अँडी याने ती देऊन टाकली तिथेच. मीही त्यांच्यातलाच. चित्रपट चांगला आहे, आणि तो काढायला नको होता. ही दोन्ही मतं एकाच माणसाची असू शकतात, पण कार्डावर तशी सोय नाही. "हा भाग हवा होता का?" असा प्रश्न कुठल्याच मोजणीत नसतो.

दुसरा सोमवार

मग विश्वास कशावर ठेवायचा? माझं उत्तर: पहिल्या शनिवार-रविवारची कमाई घ्या आणि शेवटच्या एकूण कमाईला तिने भागा. जो भागाकार येईल तो चित्रपट पाहून आलेल्यांनी शेजारीपाजारी काय सांगितलं त्याचा सगळ्यांत प्रामाणिक हिशेब. कारण दुसऱ्या आठवड्यात जाहिरात थंडावते, हौशी मंडळी बघून झालेली असतात, आणि उरलेले लोक कुणाच्या तरी सांगण्यावरून येतात. अडीच पटीच्या आत असेल तर लोकांनी घरी जाऊन फार काही सांगितलं नाही. तीन-साडेतीन पट ठीक. चार-पाच पट म्हणजे तोंडोतोंडी पसरला.

आकडे अमेरिका-कॅनडाचे घेऊ, कारण तिथे ते नीट मिळतात. 'लाइटयिअर'ने (२०२२) पहिल्या तीन दिवसांत पाच कोटी डॉलर आणले आणि एकूण बारा कोटींच्या जरा आत थांबला, म्हणजे सव्वादोन पटीच्या आसपास. दुसऱ्याच आठवड्याअखेर कमाई साठ टक्क्यांहून जास्त घसरली. 'इनसाइड आउट २'ने (२०२४) तीन दिवसांत १५ कोटी ४० लाख आणले आणि एकूण ६५ कोटी, सव्वाचार पट. इतक्या मोठ्या सुरुवातीनंतर सव्वाचार पट म्हणजे कमाल आहे, कारण वेडे चाहते तर पहिल्या तीन दिवसांतच येऊन गेलेले असतात.

'एलिमेंटल'ची (२०२३) गोष्ट तर पूर्ण सांगण्यासारखी. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात शेवटचा चित्रपट म्हणून दाखवला, समीक्षक कोमट. जूनमध्ये लागला तेव्हा पहिल्या तीन दिवसांत तीन कोटी डॉलरही आले नाहीत. वीस कोटी खर्चाच्या चित्रपटासाठी ही दाणकन आपटल्याचीच खूण होती आणि बातम्याही तशाच छापून आल्या. पण सिनेमास्कोअरची श्रेणी 'ए' होती. दुसऱ्या आठवड्यात घसरण चाळीस टक्क्यांच्या आत राहिली, तिसऱ्यातही सावरली, आणि पावसाळा संपेपर्यंत अमेरिकेत १५ कोटींवर, जगभरात जवळपास ५० कोटींवर गेला. दक्षिण कोरियात सत्तर लाखांहून जास्त तिकिटं खपली. दिग्दर्शक पीटर सोन कोरियातून अमेरिकेत आलेल्या आईबापांचा मुलगा. दुकान चालवणारा बाप, त्याच्यापुढे जमिनीला टेकून नमस्कार करणारी मुलगी, आणि "तुझ्यासाठी एवढं केलं" हे न बोलताही घरभर भरून राहिलेलं ओझं, हे कोरियन घरांना समजावून सांगायची गरज नव्हती. आपल्याकडच्या घरांनाही नसती.

सगळ्यांत मोठा भागाकार मात्र एका मांजराचा. 'पुस इन बूट्स: द लास्ट विश' २०२२च्या नाताळात आला, समोर नवा 'अवतार'. पहिल्या शुक्रवार ते रविवारात सव्वा कोटी डॉलर. एकूण साडेअठरा कोटी. पंधरा पट! यातली थोडी सूट द्यायला हवी. चोवीस डिसेंबर शनिवारी होता, त्या संध्याकाळी अमेरिकेत कुणी थिएटरात जात नाही, आणि पुढचा आठवडा सुट्टीचा होता. म्हणजे सुरुवातीचा आकडा खोटाच लहान होता. तरीही जानेवारी-फेब्रुवारीत तो चालत राहिला, याला सुट्टी कारण नाही.

कारण चित्रपटात आहे. नऊपैकी आठ आयुष्यं उधळून झालेलं मांजर, आणि त्याच्या मागावर दोन कोयते घेऊन शीळ घालत येणारा लांडगा, जो प्रत्यक्ष मृत्यू आहे. शीळ ऐकू आली की मांजराच्या अंगावरचा केस न् केस उभा राहतो. एका प्रसंगात ते जंगलात पळत सुटतं, एका झाडाशी थांबतं, श्वास पुरत नाही, पडद्यावर फक्त छातीची धडधड. मागून आलेलं वेंधळं कुत्रं एक शब्द न बोलता आपलं डोकं त्याच्या पोटावर ठेवून देतं. हळूहळू श्वास सावरतो. मुलांच्या चित्रपटात एवढी शांतता मी क्वचित ऐकली आहे.

दोन वर्षांनी 'इनसाइड आउट २'मध्ये जवळपास हाच प्रसंग दुसऱ्या रूपात आला. तेरा वर्षांची रायली आइस हॉकीच्या सामन्यात शिक्षा म्हणून बाकावर बसली आहे आणि तिच्या डोक्यात पात्र म्हणून वावरणारी 'चिंता' नियंत्रणफळ्याभोवती इतक्या वेगाने भिरभिरतेय की तिचं वादळच झालं आहे. जवळ गेल्यावर दिसतं, वादळाच्या मधोमध ती स्वतः थिजून उभी आहे, डोळ्यात पाणी. २०१५ साली पहिला भाग पाहिलेली आठ वर्षांची पोरगी २०२४ साली सतरा वर्षांची होती, बारावीच्या तोंडावर. ती स्वतःच्या पैशाने, मैत्रिणींबरोबर गेली, आणि नंतर आईला घेऊन पुन्हा गेली. सव्वाचार पट इथून येतात. समीक्षकांनी पहिल्या भागाइतका नवेपणा नाही अशी कुरकुर केली. ती खरीही आहे. पण दिग्दर्शक केल्सी मान आणि मंडळींनी पहिल्या भागाचा प्रेक्षक मोठा झालाय हे धरून दुसरा भाग लिहिला, आणि ते बहुतेक दुसरे भाग करत नाहीत.

जो आलाच नाही, त्याचं मत

एक मत मात्र कुठल्याच कार्डावर येत नाही. घरी बसलेल्याचं. 'लाइटयिअर'ला 'ए वजा' होती, म्हणजे पाहिलेले लोक फार चिडले नव्हते. लोक मुळात कमी आले. हा 'टॉय स्टोरी'च्या खेळण्यातला बझ नाही, अँडीने १९९५ साली पाहिलेल्या चित्रपटातला बझ आहे, आवाजही टिम ॲलनऐवजी ख्रिस इव्हान्सचा. हे सहा वर्षांच्या पोराला कसं समजावणार? दोन स्त्रियांच्या चुंबनाच्या एका क्षणामुळे सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात अशा काही देशांत तो लागलाच नाही आणि अमेरिकेतही त्यावरून गदारोळ झाला. यातलं किती गिऱ्हाईक रागाने गेलं आणि किती गोंधळाने, हे वेगळं काढता येत नाही. शिवाय त्याआधीची दीड-दोन वर्षं पिक्सारचे 'सोल', 'लुका', 'टर्निंग रेड' हे तिन्ही थेट घरच्या पडद्यावर आले होते. चार तिकिटं, पॉपकॉर्नचा मोठा टब आणि पार्किंग असा हिशेब केला की "थांबू, दोन महिन्यांत घरीच येईल" हे उत्तर कुणालाही सुचतं.

२० जून २०२५ हा दिवस त्या दृष्टीने बघण्यासारखा आहे. त्या दिवशी थिएटरात पिक्सारचा 'एलिओ' लागला. नवी गोष्ट, श्रेणी 'ए', आणि पिक्सारच्या इतिहासातली सर्वांत लहान सुरुवात, दोन कोटी डॉलरच्या आसपास. त्याच दिवशी नेटफ्लिक्सवर 'के-पॉप डीमन हंटर्स' आला. तोही दुसरा भाग नव्हता. तो नेटफ्लिक्सचा आजवर सर्वाधिक पाहिला गेलेला चित्रपट ठरला, त्यातलं 'गोल्डन' हे गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं, आणि ऑगस्टमध्ये दोन दिवस थिएटरांत सगळ्यांनी सोबत गायचे खेळ लावावे लागले. म्हणजे "लोकांना फक्त दुसरे भागच हवेत" हे वाक्य तितकंसं खरं नाही. अनोळखी गोष्टीसाठी लोक घरी अडीच तास द्यायला तयार आहेत, बाहेर अडीच हजार रुपये द्यायला कचरतात. 'एलिओ' पाहिलेल्यांना आवडला होता. ज्यांना आवडला असता ते आलेच नाहीत.

नेटफ्लिक्सच्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी: तिथे 'व्ह्यूज' म्हणजे एकूण पाहिलेले तास भागिले चित्रपटाची लांबी. एकाच पोरीने वीस वेळा पाहिला तरी वीस धरले जातात. थिएटरवाल्यांना हे रडीचा डाव वाटतं, पण मुलांच्या बाबतीत तेच खरं मत आहे.

आशियाकडे पाहिलं तर दुसऱ्या भागांची ताकद अजून ठळक दिसते. चीनचा 'ने झा २' २०२५च्या चिनी नववर्षाला आला आणि २०० कोटी डॉलर ओलांडून जगातला सर्वाधिक कमाईचा ॲनिमेशनपट झाला, त्यातले जवळजवळ सगळे पैसे एकट्या चीनमधले. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'झूटोपिया २' आला, आणि चीनमध्येच त्याने ५० कोटी डॉलरहून जास्त जमवले. पहिला भाग तिथे २०१६ साली आवडला होताच, आणि मधल्या काळात, डिसेंबर २०२३ मध्ये, शांघायच्या डिस्नेलँडमध्ये 'झूटोपिया'चं आख्खं नगर उभं राहिलं. ससुली आणि कोल्हा नऊ वर्षं लोकांच्या नजरेसमोरून हललेच नाहीत.

आपल्याकडे असं काही मोजायची शिस्त नाही. थिएटरच्या दाराशी कार्ड घेऊन कुणी उभं नसतं. २०२३ साली 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत लागला, त्यात मराठीही होती. मुंबॅटन या कल्पित शहरात उड्या मारणारा भारतीय स्पायडर-मॅन, पवित्र प्रभाकर, मराठी बोलतो, हे पाहायला पोरांना घेऊन गेलेली घरं होती. पण त्यांना तो डबिंगसकट कसा वाटला, पुढच्याही वेळी मराठीच हवं का, हे विचारून लिहून ठेवलेलं माझ्या पाहण्यात नाही. शहरातल्या मल्टिप्लेक्समध्ये इंग्रजी खेळांच्या गर्दीत मराठीला वेळा कुठल्या मिळाल्या, हाच आधी मोजायचा आकडा.

एक मोजणी मात्र आपोआप झाली. जुलै २०२५ मध्ये अश्विन कुमार यांचा 'महावतार नरसिंह' हिंदीसह पाच भाषांत आला. पहिल्या दिवशी देशातली निव्वळ कमाई दोन कोटींच्या आत. तिसऱ्या दिवशी, रविवारी, तिच्या कितीतरी पट. मग आजी-आजोबांसकट घरंच्या घरं जायला लागली, आणि जगभरची कमाई ३०० कोटी रुपयांच्या पुढे गेली. भारतीय ॲनिमेशनला असं यश त्याआधी मिळालेलं नव्हतं. 'एलिमेंटल'चंच गणित, फक्त वेग कितीतरी जास्त. ॲनिमेशन बारकाईने बघणाऱ्यांनी चेहऱ्यांचा ताठरपणा दाखवून दिला. तो आहे. खांब फुटतो त्या क्षणी तो कुणाच्या लक्षात राहत नाही, हेही आहे.

याआधी आपल्याकडे असाच उत्साह २००५च्या 'हनुमान'ने जागवला होता. व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांचा. दोनच वर्षांत 'रिटर्न ऑफ हनुमान' आला, अनुराग कश्यपचा. त्यात मारुतीराया पुराणातून निघून आजच्या काळात, शाळेत पोहोचले. पहिल्या भागाचा प्रेक्षक भक्तिभावाने आलेला होता, दुसरा भाग त्याला विनोद सांगत होता. तो धागा पुढे मोठा झाला नाही.

'महावतार'वाल्यांनी तर एकदम २०३७पर्यंतची यादी जाहीर केली आहे: दर दोन वर्षांनी एक, पुढचा 'परशुराम' २०२७ मध्ये. त्याचे पहिले तीन दिवस जोरात जाणार, हे आत्ताच सांगता येतं, आणि त्याचं श्रेय नरसिंहाला. बातम्या त्यालाच 'प्रेक्षकांचा कौल' म्हणतील. परशुरामाचा स्वतःचा आकडा चौथ्या दिवशी, सोमवारी संध्याकाळच्या खेळाला लागायला सुरुवात होईल, शाळा सुटल्यावर किती पोरं आत बसली आहेत त्यावर.